मूळ अंदाज कुठे गेला?

कोणत्याही नगरपरिषदेचे किंवा महापालिकेचे अंदाजपत्रक उघडले की डाव्या बाजूला लेखाशीर्षे, म्हणजे जमा-खर्चाच्या बाबींची नावे, असतात आणि त्यांच्यापुढे आकड्यांचे चार रकाने असतात. २०२५-२६ चे पुस्तक हाती आहे असे समजू. पहिल्या रकान्यात २०२३-२४ ची प्रत्यक्ष जमा किंवा प्रत्यक्ष खर्च, दुसऱ्यात २०२४-२५ चा मूळ अंदाज, तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि चौथ्यात २०२५-२६ चा अंदाज. मांडणीत थोडाफार फरक असतो, कुठे चालू वर्षाच्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांची प्रत्यक्ष रक्कम दाखवणारा एखादा जादा रकानाही असतो, पण सांगाडा हाच. केंद्रीय अर्थसंकल्पाचा गोषवाराही याच चार खणांत बसवलेला असतो. हे आकडे शेजारी शेजारी पाहिले की सगळा व्यवहार आपल्यासमोर उघडा आहे असे वाटते. पण एक आकडा तिथे नाही. २०२३-२४ मध्ये किती खर्च झाला हे लिहिले आहे. त्या वर्षी मुळात किती करायचे ठरले होते, हे लिहिलेले नाही. ते दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक एव्हाना कपाटात गेलेले असते.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका नगरपरिषदेच्या लेखा शाखेत गेली. हे रकाने मी स्वतः भरले आहेत आणि बरीच वर्षे मलाही त्यांत काही वावगे दिसले नव्हते. आता मात्र माझे मत पक्के झाले आहे. आपल्या सार्वजनिक संस्थांत अंदाजपत्रकाच्या हातून नियोजन होत नाही आणि नियंत्रणही होत नाही, याचे पहिले कारण पैशांची टंचाई हे नाही, आणि माणसांचा अप्रामाणिकपणा हेही नाही. जे ठरवले आणि जे घडले ते वर्ष चालू असतानाच एका पानावर समोरासमोर आणण्याची सवय आपण संस्थेला लावलेली नाही, हे आहे.

नियोजन म्हणजे पुढच्या वर्षाची इच्छा कागदावर उतरवणे, असा एक समज आहे. तसे असते तर नगरसेवकांची कामांची यादी हेच नियोजन ठरले असते. अंदाजपत्रक नियोजन कसे घडवते ते एका रस्त्यावर पाहता येते. बांधकाम विभाग फेब्रुवारीत एका गल्लीचे काँक्रिटीकरण उरकतो आणि मे महिन्यात पाणीपुरवठा विभाग त्याच गल्लीत जलवाहिनी बदलण्यासाठी जेसीबी लावतो. गावातले लोक याला मूर्खपणा म्हणतात, काही जण भ्रष्टाचार म्हणतात. मी जे जवळून पाहिले ते दोन्हींपेक्षा साधे होते. दोन्ही कामांची तरतूद एकाच पुस्तकात, दोन वेगळ्या लेखाशीर्षांखाली, पंधरा पानांच्या अंतरावर होती, आणि ती दोन पाने एकत्र वाचणे हे कोणाचेच काम नव्हते. जानेवारीत प्रत्येक विभागाकडून मागणी मागवायची, तिची बेरीज करायची, जमेच्या बाजूला ती बसत नसेल तर सगळ्यांना सरसकट कात्री लावायची, एवढाच उद्योग होणार असेल तर त्यातून हाती येते ती बेरीज. तिला योजना म्हणता येत नाही. विभागप्रमुख एका टेबलाभोवती बसून तुझी वाहिनी आधी की माझे काँक्रीट आधी, असे भांडतात तेव्हा नियोजनाला सुरुवात होते, आणि त्या भांडणाला लेखी रूप देणारा कागद म्हणून अंदाजपत्रकाला मोल आहे.

आता नियंत्रण. खर्चावर नियंत्रण म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. खर्चाआधी ‘तरतूद आहे का’ हे विचारणारा लेखापाल, आणि खर्चानंतर काही वर्षांनी येऊन आक्षेपांचे परिच्छेद लिहिणारा लेखापरीक्षक. दोन्ही आवश्यक आहेत. पण तरतूद असणे एवढ्यावरून खर्च शहाणपणाचा ठरत नाही, आणि लेखापरीक्षक येईपर्यंत खर्च करणारा अधिकारी बदलून गेलेला असतो, कधी निवृत्तही झालेला असतो. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे वर्ष चालू असताना अंदाजाशी प्रत्यक्षाची तुलना करून कारण विचारण्याची जागा, आपल्याकडे जवळजवळ रिकामी आहे. नियोजन आणि नियंत्रण यांची गाठ पडते ती नेमकी तिथेच.

एक उदाहरण सविस्तर घेतो. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत, पण प्रसंग कोणत्याही नगरपरिषदेतला आहे. धरणातून पाणी उपसण्यासाठी वर्षाला ८ लाख युनिट वीज लागेल आणि दर ७ रुपये ५० पैसे पडेल असे धरून वीजबिलासाठी ६० लाख रुपयांची तरतूद केली. वर्षअखेरीस बिल ७२ लाखांचे झाले. सभेत विचारणा झाली तर उत्तर ठरलेले असते, ‘विजेचे दर वाढले.’ सगळे मान हलवतात आणि विषय मंजूर होतो. आता याच बारा लाखांचे तुकडे करून पाहू. प्रत्यक्षात ९ लाख युनिट लागले आणि दर ८ रुपये पडला. दरातली ५० पैशांची वाढ ९ लाख युनिटांवर धरली तर साडेचार लाख होतात. ही वाढ राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने आली. तिच्यावर मुख्याधिकाऱ्यांचा किंवा नगराध्यक्षांचा काही इलाज नाही. उरलेले साडेसात लाख जादा लागलेल्या १ लाख युनिटांचे आहेत. ते का लागले? अंदाज करताना २० लाख घनमीटर पाणी उपसायचे धरले होते, म्हणजे एका घनमीटरला ०.४ युनिट. प्रत्यक्षात साडेवीस लाख घनमीटर उपसले. त्या हिशेबाने ८ लाख २० हजार युनिट लागायला हवे होते, म्हणून वीस हजार युनिटांचे दीड लाख रुपये जादा पाण्याच्या नावावर टाकता येतील. राहिले ८० हजार युनिट, सहा लाख रुपये. तेवढेच पाणी उपसायला जास्त वीज लागली आहे. म्हणजे पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले चक्र, झिजला असेल, जॅकवेलच्या, म्हणजे जिथून पाणी उपसतात त्या विहिरीच्या, जाळीत गाळ अडकला असेल किंवा कपॅसिटर बंद पडला असेल. आणि जादा उपसलेले पन्नास हजार घनमीटर पाणी नळाला पोचले की वाटेत गळाले, हा प्रश्न वेगळाच.

‘दर वाढले’ हे उत्तर खोटे नव्हते, पण बारा लाखांपैकी साडेचार लाखांपुरतेच ते खरे होते. उरलेल्या रकमेत सहा लाखांचा एक दोष दडलेला होता आणि तो जॅकवेलवर जाऊन बघता येण्यासारखा होता. हे कळण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. लागतो तो मूळ अंदाज, आणि तो अंदाज कशावरून बांधला होता याची दोन ओळींची नोंद. आपल्या पद्धतीत होते असे की जानेवारीत सुधारित अंदाज मांडताना त्या ओळीवर ६० च्या जागी ७२ लिहिले जाते, आणि त्या घडीला बारा लाखांचा प्रश्नच नाहीसा होतो. प्रत्यक्ष खर्चाची तुलना पुढे कोणी केलीच तर ती या ७२ शी होते, आणि ती तंतोतंत जुळते. आम्ही लेखा शाखेतले लोक याला ‘अंदाज बरोबर आला’ म्हणत असू.

सुधारित अंदाज ही गोष्टच वाईट आहे असे मी म्हणत नाही. परिस्थिती बदलली की आकडा बदलायलाच हवा. पण तो बदलताना जुन्या आकड्याचे स्थान पुसले जाते आणि कारण कोणी लिहीत नाही, हे वाईट आहे. राज्य सरकारच्या पातळीवरही हाच धडा दिसतो. विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर होतात, आणि नंतर कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील अहवाल येतो तेव्हा त्यात दरवर्षी अशी प्रकरणे असतात की ज्यांत मूळ तरतूदसुद्धा पूर्ण खर्च झालेली नसताना वरून पुरवणी तरतूद घेतली गेली. मागणी करणाऱ्याने त्या दिवशी आपला मूळ आकडा आणि आजवरचा खर्च शेजारी ठेवून पाहिला असता, तर ती मागणी लिहिताना त्याचा हात थांबला असता.

पैसे उरतात आणि तरीही धावपळ होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले रूप म्हणजे मार्चअखेर. ज्यांनी ३१ मार्चची संध्याकाळ एखाद्या जिल्हा कार्यालयात काढली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. संगणकावर निधी वितरणाचा आदेश दुपारनंतर झळकतो, शाखा अभियंता मोजमाप पुस्तिका पिशवीतून काढून सहीसाठी साहेबांच्या दाराशी उभा असतो, ठेकेदार बाहेरच्या बाकावर तिसरा चहा पीत बसलेला असतो आणि कोषागारातले दिवे मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कोणता खर्च करता येतो याचा विचार केला तर एक गंमत लक्षात येते. भुयारी गटाराची दुरुस्ती आठवड्यात होत नाही. खुर्च्या, लोखंडी कपाटे, कचऱ्याचे डबे, एलईडी दिवे आणि सिमेंटची बाके यांची खरेदी होते. आपल्या गावोगावी सौजन्याच्या पाट्या मिरवणारी इतकी बाके का आहेत, याचे उत्तर बऱ्याच अंशी आर्थिक वर्षाच्या रचनेत आहे.

या घाईला नियमांची मान्यता नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली खर्चाची झुंबड हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये, असे बंधन केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या विभागांवर घातले आहे. महाराष्ट्राचा वित्त विभागही फेब्रुवारीच्या सुमारास खरेदीवर निर्बंध घालणारे आदेश काढतो. पण ही सारी बंधने टोकाला जाऊन लावलेली आहेत. रोग एप्रिलमध्ये सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर होते, त्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. ज्या कामाचे नकाशे आणि दरपत्रक आधीच तयार नाही, त्याची तांत्रिक मान्यता जूनच्या आत हाती येत नाही, आणि जून ते सप्टेंबर पावसात डांबराचे काम होत नाही. मधे एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणखी दोन महिने गेले. काम प्रत्यक्ष सुरू होते ते दिवाळीनंतर. पाऊस दरवर्षी जूनमध्येच येतो. फक्त अंदाजपत्रकाला ते दरवर्षी नव्याने कळते. प्रत्येक मोठ्या कामासमोर रकमेबरोबर ‘या तिमाहीत एवढा खर्च’ असे चार आकडे लिहायची सक्ती केली, तर निम्म्या कामांच्या बाबतीत पहिल्या दोन तिमाहींत शून्य लिहावे लागेल, आणि ते शून्य पाहून कोणीतरी विचारेल की मग ही तरतूद या वर्षी कशाला?

हे विचारले जात नाही, कारण तरतूद हा आपल्याकडे मानाचा विषय आहे. विभागप्रमुखाला दहा लाख हवे असतात, पण वर गेल्यावर तीस टक्के कापले जाणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून तो चौदा-पंधरा मागतो. वरच्यालाही ठाऊक असते की याने फुगवून मागितले आहे, म्हणून तो कापतो. या खेळात ज्याने प्रामाणिकपणे दहाच मागितले त्याच्या हाती सातच पडतात, आणि पुढच्या वर्षी तोही शहाणा होतो. वर्षअखेरीस पैसे उरले तर ‘याला गरजच नव्हती’ म्हणून पुढची तरतूद घटते, त्यामुळे काटकसर करणाऱ्यालाही मार्चमध्ये कपाटे घ्यावी लागतात. ज्या कागदातून खर्चाला शिस्त लागायची तोच कागद खर्च करायला भाग पाडतो. जमेच्या बाजूचा खेळ याहून सोपा आहे. स्थानिक संस्थेला अंदाजपत्रकात शिल्लक दाखवावी लागते आणि यादीतली सगळी कामे तर बसवायची असतात, मग मालमत्ता कराची वसुली कधी झाली नाही एवढी होईल असे धरायचे, थकबाकी यंदा सुटेल असे धरायचे, एखाद्या भूखंडाचे उत्पन्न येईल असे धरायचे. त्यातूनही न बसणाऱ्या कामासाठी हजार रुपयांची टोकन तरतूद करून लेखाशीर्ष उघडे ठेवायचे. पुण्यात नगरसेवकांच्या कामांची ‘स’ यादी आणि वर्षभर चालणारे वर्गीकरणाचे प्रस्ताव सर्वांच्या परिचयाचे आहेत. मार्चमध्ये गाजावाजा करून मंजूर झालेल्या तरतुदी वर्षभरात या लेखाशीर्षावरून त्या लेखाशीर्षावर इतक्या फिरतात की मूळ आराखडा कोणता होता हे सांगणे अवघड व्हावे. पुण्यानेच २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेण्याची चांगली प्रथा सुरू केली. पण सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले हे सुचवणाऱ्याला कळवल्याशिवाय तो सहभाग अर्धाच राहतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या अंतराला राजकीय अर्थ असतो, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. सभासदांना त्या काळी अर्थसंकल्पावर बोलता येत होते, मत देता येत नव्हते. सरकारच्या तिजोरीत लागोपाठ शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीचे लक्षण म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी तीच शिल्लक उलटी करून दाखवली. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जात आहे, याचा ती पुरावा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हाती मतदानाचा अधिकार नव्हता, कागदपत्रे मागवण्याची सत्ता नव्हती. सरकारचेच छापील आकडे त्यांनी अनेक वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले होते. आजच्या सभागृहांत मताचा अधिकार आहे आणि शेजारी आकडे ठेवणारा क्वचितच दिसतो. चर्चा होते ती एकूण आकाराची. मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक २०२४-२५ मध्ये ५९,९५४ कोटींचे होते, २०२५-२६ मध्ये ते ७४,४२७ कोटींवर गेले, याचे मोठे मथळे झाले. आधीच्या वर्षीच्या अंदाजापैकी प्रत्यक्षात काय उतरले, हा मथळा होत नाही.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ ही तीन अंदाजपत्रके प्रशासनाने तयार केली आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच त्यांना मान्यता दिली. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत हेच चालले होते. या काळात कारभार सुटसुटीत झाला, वेळेवर निर्णय झाले, असे म्हणणारे बरेच जण भेटतात आणि त्यांचे सगळेच चूक नाही. पण कायद्याने आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, स्थायी समितीने ते तपासावे आणि सर्वसाधारण सभेने मंजूर करावे, अशी जी साखळी घातली आहे तिचे कारणच हे की उत्तर देणारा आणि प्रश्न विचारणारा एक असू नये. पेशवाईच्या दफ्तरातही महालाच्या अपेक्षित जमाखर्चाचा बेहेडा वेगळा असे आणि कमाविसदाराला, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला, वर्षाचा हिशेब हुजुरात समजावून द्यावा लागे. हिशेबाचा झाडा घेणारा दुसरा कोणीतरी असायचा. ‘झाडाझडती’ हा शब्द आपण आज पोलिसांसाठी वापरतो, पण त्याचे मूळ जमाखर्चात आहे.

या साऱ्यावर उपाय म्हणून पद्धतच बदलून टाकण्याचे प्रयोग आपल्याकडे कमी झालेले नाहीत. १९८६ च्या सुमारास महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाचा मोठा घाट घातला होता. मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवायचे नाहीत, प्रत्येक योजनेने आपली गरज शून्यापासून सिद्ध करायची, ही कल्पना चांगली होती. पण दरवर्षी प्रत्येक योजनेला जन्मदाखला मागायचा म्हणजे कागदांचा डोंगर होतो, आणि डोंगर झाला की लोक जुन्याच टिपण्या नव्या तारखेने जोडतात. विभागांची कार्यक्रम अंदाजपत्रके निघतात, केंद्राने २००५ पासून फलनिष्पत्तीचा अर्थसंकल्प आणला, ग्रामपंचायतींसाठी ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडे आले. यातले प्रत्येक पाऊल योग्य दिशेने आहे, पण प्रत्येकाने आधीच्या कागदांत एका कागदाची भर घातली. ठरवले काय आणि झाले काय हे एकाच ओळीत दाखवण्याचे जुने, कंटाळवाणे काम तसेच राहिले.

उलट दिशेचाही एक युक्तिवाद आहे आणि तो व्यवस्थापनशास्त्रातले लोक हिरिरीने मांडतात. जग इतके झपाट्याने बदलते की वर्षाचे अंदाजपत्रक म्हणजे शिळा नकाशा. त्याला चिकटून बसल्याने संस्था आंधळी होते. स्वीडनमधल्या हँडेल्सबँकेन या बँकेने यान वालँडर यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या आरंभी वार्षिक अंदाजपत्रकच बंद केले आणि बँक उत्तम चालली, हे त्यांचे आवडते उदाहरण. उदाहरण खरे आहे, पण ते नीट वाचले पाहिजे. त्या बँकेने तुलना सोडली नाही. शाखेचा खर्च आणि उत्पन्न इतर शाखांशी ताडून पाहिले जात होते, आणि मागे पडणाऱ्या शाखेला कारण द्यावे लागत होते. म्हणजे त्यांनी मोजपट्टी फेकली नाही, बदलली. नगरपरिषदेला तर तेवढीही मुभा नाही. तिचा पैसा कराचा आहे, आणि तो कशावर खर्च होणार हे आधी सांगितल्याशिवाय घेता येत नाही.

‘संकट आले की कोणते अंदाजपत्रक टिकते?’ असेही विचारले जाते. कोविडच्या वर्षी कोणतेच टिकले नाही. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने विकासकामांवरचा खर्च मंजूर तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन या खात्यांना प्राधान्य दिले. मला तो निर्णय अंदाजपत्रकाच्या निरुपयोगीपणाचा पुरावा वाटत नाही. कापायचे कशातून आणि वाचवायचे काय, हे काही दिवसांत ठरवता आले, कारण कोणत्या खात्याला काय द्यायचे ठरले होते त्याची यादी लिहिलेली होती. यादीच नसती तर कात्री अंधारात चालली असती.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. तफावत दिसली की कारण विचारायचे, आणि कारण विचारले की आपल्या कार्यालयीन रिवाजात पुढचा कागद ‘कारणे दाखवा’ नोटीस असतो. अशा वातावरणात प्रत्येक अधिकारी इतका सावध अंदाज करील की तफावत पडणारच नाही, आणि काम मात्र होणार नाही. मी हे होताना पाहिले आहे. एका वर्षी आमच्याकडे तिमाही तफावत पत्रक मागवले गेले, पहिल्याच पत्रकावरून दोघांना खुलासे मागितले गेले, आणि दुसऱ्या तिमाहीपासून सगळ्यांचे अंदाज प्रत्यक्षाशी अगदी तंतोतंत जुळू लागले, म्हणजे प्रत्यक्ष पाहून अंदाज लिहिले जाऊ लागले. तिसऱ्या तिमाहीला पत्रकच बंद पडले. म्हणून तफावतीचे कारण आणि शिक्षेची फाईल यांत अंतर ठेवावे लागेल. पंपाच्या उदाहरणात साडेचार लाखांसाठी कोणालाही जबाबदार धरायचे नाही, दीड लाखांची नोंद घ्यायची आणि सहा लाखांसाठी आधी जॅकवेलवर माणूस पाठवायचा. पुढच्या तिमाहीतही एका घनमीटरला तेवढीच जादा वीज लागत राहिली आणि इम्पेलर बदललेला नसेल, तर मग खुलासा मागायला हरकत नाही.

माझ्या मागण्या त्यामुळे लहान आहेत. नगरविकास विभागाने अंदाजपत्रकाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: ज्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम छापली आहे त्याच वर्षाचा मूळ अंदाज तिच्या शेजारी. दोन्हींत दहा टक्क्यांहून अधिक फरक असलेल्या ओळीपुढे एका वाक्यात कारण. सुधारित अंदाज छापताना मूळ आकडा बदलण्याची तारीख. ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सहा महिन्यांची तुलना हा कायमचा विषय, आणि तो ‘वाचून नोंद घेतली’ असे लिहून संपवता येऊ नये. स्वतःच्या उत्पन्नातून वाचवलेल्या रकमेचा काही भाग पुढच्या वर्षी त्याच विभागाला वापरण्याची मुभा, म्हणजे मार्चमधल्या कपाटांची गरज उरणार नाही. जिल्हा परिषदांना राज्याचा निधी खर्च करायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत मिळतेच. तिचा उपयोग ढिलाईसाठी होतो अशी तक्रार आहे आणि ती बरीचशी खरी आहे, पण ढिलाई दिसावी म्हणून तर तिमाही आकडे हवेत.

शासनाचा आदेश निघेपर्यंत थांबायचे कारण नाही. बहुतेक महापालिकांची आणि बऱ्याच नगरपरिषदांची मागील अंदाजपत्रके संकेतस्थळावर असतात. नसतील तर माहितीच्या अधिकारात मिळतात. दोन वर्षांच्या अंतराची दोन पुस्तके घ्यावीत, जुन्यातला शेवटचा रकाना नव्यातल्या पहिल्या रकान्याशेजारी पेन्सिलने उतरवावा. सगळी पाने करायची गरज नाही. मालमत्ता कराची थकबाकी, पाणीपुरवठ्याचे वीजबिल आणि रस्ते दुरुस्ती या तीन ओळी पुरतात, आणि तिन्हींना वेळ नसेल तर रस्त्यांपासून सुरुवात करावी.